सावकाशीच्या रांगेतले लाल कार्ड

मी एक जुने लाल कार्ड आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. फुटबॉलच्या मैदानातून खेळाडूला बाहेर घालवणारे कार्ड ते मी नव्हे. मी आजवर कुणालाही बाहेर काढलेले नाही. उलट लोकांच्या सोबत आत जाणे, आणि तेही अगदी सावकाश, हेच माझे काम होते. थोडक्यात सांगायचे तर रांगेत उभे राहणे हा माझा धंदा.

फ्लोरिडात पेलिकन पार्क नावाची एक जुनी खेळबाग आहे. तिथे खाणगाडी, म्हणजे रुळांवरून भरधाव वर-खाली धावणारी खेळातली गाडी आहे; तिच्या दाराशी जी टपरी आहे, तिच्यातल्या खिळ्याला मी सध्या लटकलेले असते. माझा जन्म मात्र बागेच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये झाला. एका मोडक्या फलकाचे लाल प्लास्टिक उरले होते. त्यातून आम्हा भावंडांना कापून काढले, कडा घासल्या आणि डोक्याशी एक भोक पाडले. त्या भोकात काळी नाडी ओवली ती ओपलबाईंनी. ओपलबाई जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. घरी बसून करमेना, म्हणून खाणगाडीच्या दारात उभ्या राहू लागल्या. त्यांच्यापुढे कुणी रांग मोडली, तर बसमधल्या पोरांना द्यावा तसा दम त्या मोठ्या माणसांनाही देत.

माझे काम समजायला सोपे होते. रांगेत शिरणाऱ्या एखाद्या माणसाला ओपलबाई हाक मारायच्या, माझ्यावर मेणाच्या पेन्सिलीने वेळ लिहायच्या आणि मला त्याच्या गळ्यात घालायच्या. तो मला घेऊन रांगेबरोबर पुढे सरकायचा. गाडीपाशी पोचला की तिथला माणूस, डेस्मंड, मला काढून घ्यायचा, घड्याळ बघायचा आणि दारात फोन करायचा. मग ओपलबाई फाटकावरच्या पाटीला नवा आकडा अडकवायच्या. ‘इथून पुढे इतका वेळ’ असे त्या पाटीवर लिहिलेले असे. खऱ्या वेळेत थोडी भर घालून आकडा लावायची इथली रीत. माणूस सांगितल्यापेक्षा लवकर पोचला की खूश होतो, एवढेच त्यामागचे शहाणपण.

माझी भावंडे फार टिकली नाहीत. एक कुणाच्या खिशातून थेट ओहायोला गेले. एक बदकांच्या तळ्यात पडले. राहिले ते मी. ओपलबाई मला रुमालाने पुसून म्हणायच्या, “या बागेत खोटं न बोलणारं हे एकच.” मित्रांनो, अशी स्तुती ऐकली की प्लास्टिकलाही थोडा ताठा चढतो.

मग पास आले.

रांगेच्या मधोमध एक कठडा घातला गेला. कठड्याच्या एका बाजूला आमची जुनी लांबलचक वाट, दुसऱ्या बाजूला पासवाल्यांची आखूड वाट. तिकिटाच्या वर आणखी पैसे मोजले की पास मिळतो आणि माणूस सगळ्यांच्या शेजारून तरातरा पुढे जातो. पासवाल्यांच्या गळ्यात मला कधी कुणी घातले नाही. मला त्याचा राग होता, हे कशाला लपवू.

तेव्हापासून पाटीखाली रोज एक तमाशा सुरू झाला. येणारे प्रत्येक कुटुंब पाटीवरचा आकडा बघून थबकायचे. पास घ्यायचा की नाही?

“आपण सुट्टीवर आलोय की रांगेवर?” असे एक नवरा म्हणायचा.

“नाही घेतला तर दिवसभर तोंड पाडून बसशील,” बायको म्हणायची.

“आणि घेतला तर तू बसशील.”

पोरे मधेच आइस्क्रीम सांडायची आणि मग ज्याची चूक त्याला पासाचेही दोन शब्द ऐकावे लागायचे. मी टपरीतून हे सगळे बघायचे आणि मनात म्हणायचे, घेऊ नका. रांगेत माणसे किती बोलतात हे तुम्हाला ठाऊक नाही.

एका शनिवारी, शाळेची सुट्टी संपत आली असताना, पाटीखाली तिघे जण येऊन थांबले. निळी, विटकी टोपी घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ, त्यांची मुलगी आणि नात. म्हाताऱ्यांचे नाव हार्लन. ओकाला गावात त्यांनी हयातभर घरोघर टपाल वाटले होते. मुलगी मॅरिबेथ. नात टेसा, नऊ वर्षांची. दारातल्या उंचीच्या काठीएवढे झाल्याशिवाय मुलांना गाडीत बसू देत नाहीत; त्या काठीपेक्षा टेसाचे डोके यंदा पहिल्यांदाच वर गेले होते. ती पुन्हा पुन्हा काठीपाशी उभी राहून खात्री करून घेत होती.

मॅरिबेथने फोन बाहेर काढला. “बाबा, मी पास घेते. बघा तरी केवढी रांग आहे.”

हार्लन काही बोलण्याआधीच ओपलबाईंनी त्यांना हेरले. “अहो टोपीवाले, हे एवढं पुढच्या टोकाला पोचवाल?”

“कुणाच्या हातात द्यायचं?”

“डेस्मंडच्या.”

“डेस्मंडच्याच ना? दुसऱ्या कुणाच्या नाही?”

“त्याच्याच,” ओपलबाई म्हणाल्या आणि माझ्यावर वेळ लिहून त्यांनी मला हार्लनच्या गळ्यात घातले.

“झालं,” हार्लन मुलीला म्हणाले. “आता पास नको. हातात टपाल आहे.”

“बाबा, ते प्लास्टिकचं कार्ड आहे.”

“नाव सांगितलंय ना ज्याला द्यायचं त्याचं? मग टपालच.”

टेसा काठीकडे पळाली तसा मॅरिबेथने आवाज खाली आणला. मी हार्लनच्या छातीवर होते, म्हणून मला सारे ऐकू आले. मॅरिबेथला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑरेगॉनला काम मिळाले होते. चालू आठवडा संपला की ती आणि टेसा तिकडे राहायला जाणार होत्या. टेसाला अजून कुणी हे सांगितले नव्हते. आजोबांचे ती ऐकते, म्हणून सांगायचे काम आजोबांकडे आले होते आणि आजचा दिवस त्यासाठीच ठरला होता.

“आधी तिला मजा करू दे,” मॅरिबेथ म्हणाली. “पास घेऊ, सगळे खेळ होऊ देत. संध्याकाळी गाडीत सांगा.”

“गाडीत ती झोपते.”

“मग घरी.”

“घरी तू रडायला लागशील. मला बोलता यायचं नाही.” हार्लननी टोपी सरळ केली. “मॅरिबेथ, मला अशा गोष्टी पटकन सांगता येत नाहीत. मला रांग हवी.”

मॅरिबेथ कंटाळून लिंबू सरबत आणायला निघून गेली. आजोबा आणि नात रांगेत शिरले.

आता तुम्हाला वाटेल, हार्लननी लगेच सांगून टाकले असेल. छे. पहिल्या वळणावर ते टेसाच्या बुटांबद्दल बोलले. दुसऱ्या वळणावरही बुटांबद्दलच बोलले. मग हवा, मग गाडीचे टायर. माझ्याखाली त्यांचे काळीज धडधडत होते आणि तोंड म्हणत होते की यंदा संत्री बारीक आहेत.

“आजोबा, तू आज असा काय बोलतोयस?” टेसाने विचारले. “मला घालू दे ना ते कार्ड.”

त्यांनी मला तिच्या गळ्यात घातले. तिने लगेच माझा कोपरा तोंडात धरला.

“चावू नको. सरकारी आहे.”

“काही सरकारी नाहीये.”

“मला ते पोचवायचंय, म्हणजे सरकारीच.”

या दोघांची घरे एकाच रस्त्यावर होती, मध्ये एकच घर. आमच्याकडे घराच्या फाटकाशी पत्रपेटी असते आणि तिच्या बाजूला पत्र्याचा छोटा लाल झेंडा असतो. झेंडा वर केला की पोस्टमन समजतो, इथून काही न्यायचे आहे, आणि थांबतो. टेसाला आजोबा हवे असले की ती झेंडा वर करायची. फोन नाही, हाक नाही. हार्लन खिडकीतून बघायचे, टोपी घालायचे आणि निघायचे. हे मला कळले ते टेसा रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईंना सांगत होती म्हणून. “मी कधी कधी नुसताच वर करते,” ती म्हणाली. “तरी येतो तो.”

एवढ्यात कठड्यापलीकडून मॅरिबेथ आली. एका हातात सरबताचे पेले, दुसऱ्या हातात फोन. “घेतले पास. तिघांचे. चला, कठड्याखालून या इकडे. आता लगेच गाडीत बसू.”

टेसाने आनंदाने उडीच मारली. वाकून ती अर्धी कठड्याखाली गेलीसुद्धा.

“टेसा, थांब,” हार्लन म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण ती थांबली. खाली उकिडवी, एक हात कठड्याला, मी तिच्या दातांत. हार्लन गुडघे धरून तिच्याजवळ खाली बसले.

“तिकडून गेलो तर लगेच पोचू. मला तेवढ्यात सांगता येणार नाही, म्हणून इथंच सांगतो. आईला ऑरेगॉनमध्ये काम मिळालंय. चांगलं काम आहे. या आठवड्यानंतर तुम्ही दोघी तिकडं राहायला जाणार.”

“आणि तू?”

“मी इथंच.”

मित्रांनो, त्या क्षणी तिचे दात माझ्या कोपऱ्यात रुतले. मला दुखले, असे मी म्हणणार नाही. पण त्या मुलीला किती दुखले, ते माझ्याइतके कुणाला कळले नसेल.

मग तिने मला तोंडातून काढले. “तिकडं पत्रपेटीला झेंडा असतो?”

“असतो. सगळीकडं असतो.”

“मी वर केला तर तुला दिसेल?”

हार्लन खोटे बोलू शकले असते. “नाही,” ते म्हणाले. “पण तिकडचा पोस्टमन थांबेल. तुझं पत्र घेईल आणि ते मला मिळेल.”

“मला पत्र नाही पाठवायचं. मला तू यायला हवा.”

त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. कठड्यापलीकडे मॅरिबेथने चेहरा वळवून डोळे पुसले. “मी म्हटलं होतं ना, संध्याकाळी,” ती पुटपुटली. मग म्हणाली, “आता तरी या इकडे. गाडीत बसलं की बरं वाटेल.”

टेसा उठली. कठड्याखालून बाहेर आली, पण आजोबांच्याच बाजूला. तिच्या मागे एक बाप आपल्या दोन मुलांना घेऊन उभा होता. ती त्याला म्हणाली, “तुम्ही पुढे जा.”

तो आभार मानून पुढे गेला. त्याच्यामागे टोप्या घातलेल्या चार मैत्रिणी होत्या. “तुम्ही पण जा.” मग आणखी एक कुटुंब, मग एक जोडपे. हार्लनना आधी वाटले, नात फार सभ्य झाली आहे. मग त्यांच्या लक्षात आले.

“टेसाबाई, असं केलं तर आपण कधीच पोचणार नाही.”

“मला माहितेय.”

हार्लननी तिच्याकडे पाहिले आणि ते सुद्धा कठड्याला टेकून बाजूला झाले. “या, या, जा पुढे,” ते मागच्यांना म्हणू लागले. मॅरिबेथ काही वेळ बघत राहिली, मग झाडाखालच्या बाकावर जाऊन बसली. पेल्यांतला बर्फ विरघळून गेला.

आणि ती दोघे बोलत राहिली. नव्या घराला अंगण आहे का. तिकडे पाऊस खरेच एवढा पडतो का. नाताळात आजोबा कसे येणार.

“विमानात तुला भीती वाटते.”

“डोळे मिटून बसेन.”

“आणि खायला देतात तेव्हा?”

“तेव्हा एक उघडेन.”

ती हसली. मग थोडे रडली. मग तिने विचारले की आजोबा संध्याकाळी कुणाशी पत्ते खेळणार, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तिने आणखी एका कुटुंबाला पुढे जाऊ दिले. मी असंख्य गळ्यांत लटकले, मित्रांनो, पण रांगेत मागे सरकणारे माझे हे पहिलेच कुटुंब.

शेवटी पोचलोच आम्ही. डेस्मंडने माझ्यावरची वेळ वाचली, घड्याळ पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. “काय हो, वाटेत जेवायला थांबला होतात?”

“टपाल पोचलं,” हार्लन म्हणाले. “तुम्ही डेस्मंडच ना?”

डेस्मंडने दारात फोन केला. माझ्या शब्दावर शंका घ्यायची ओपलबाईंना सवयच नव्हती. त्यांनी रीतीप्रमाणे वर थोडी भर घातली आणि पाटीवर असा आकडा लावला, जो आजवर कधी लागला नव्हता. त्यासाठी पलीकडच्या पाळण्याच्या पाटीवरून एक अंक उसना आणावा लागला.

पुढे काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. फाटकाशी येणारा प्रत्येक जण आकडा बघून हबकला. अर्धे लोक दुसऱ्या खेळाकडे वळले. उरलेल्या अर्ध्यांनी खिशात हात घालून पास घेतले. आमची लांब रांग हळूहळू गाडीत बसून संपली, तिच्यात नवे कुणी शिरेना, आणि पासवाल्यांची आखूड रांग मक्याच्या लाह्यांच्या गाड्यापर्यंत जाऊन भिडली.

तोवर डेस्मंडने मला मागच्या वाटेने ओपलबाईंकडे परत पाठवले होते. गाडीतली फेरी संपवून टेसा केस विस्कटलेल्या अवस्थेत धावत आली. मागून हार्लन, एका हाताने टोपी अजून डोक्यावर दाबून धरलेले.

“पुन्हा बसायचंय,” टेसा म्हणाली. “पण रांगेतून. मला ते कार्ड परत द्या ना.”

“पास घेतलेत ते वापरू तरी एकदा,” बाकावरून उठून आलेली मॅरिबेथ म्हणाली आणि ती पासवाल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. उभी राहिली आणि तिथेच राहिली.

ओपलबाईंनी माझ्यावर नवी वेळ लिहून मला टेसाच्या गळ्यात घातले. आम्ही आत शिरलो. पहिले वळण रिकामे. दुसरे रिकामे. नजर जाईल तिथवर नुसते कठडे. एरवी अशी वाट मिळाली असती तर पोरे किंकाळ्या फोडत पळाली असती. टेसा मात्र जागच्या जागी उभी राहिली.

“आजोबा, रांग कुठंय?”

तिचा चेहरा एवढासा झाला. मोठ्या आकड्याएवढा वेळ हातात आला, असे धरून ती आली होती. आता चालत गेले तर वाट क्षणात संपणार होती.

हार्लननी रिकाम्या वाटेकडे पाहिले. मग टोपी सरळ केली आणि खांद्यावर नसलेली पिशवी नीट केली. “दोघांचीही रांग होते. चल माझ्याबरोबर. पण पोस्टमनसारखं चालायचं, प्रत्येक घरापाशी थांबत.”

“घरं कुठायत?”

“ही काय.” त्यांनी कठड्याच्या पहिल्या खांबावर हात ठेवला. “हे मिसेस कॅलोवेंचं. कुत्रा चावतो, म्हणून आधी बिस्किट टाकायचं.” टेसाने बिस्किट टाकले. पुढचा खांब एका शिंप्याचा, ज्याला फक्त बिले येत आणि तो ती हार्लनच्याच हातात परत देई. त्यापुढचा एका म्हातारीचा, जी रोज पत्राची वाट बघे, म्हणून हार्लन तिला दुकानांच्या जाहिराती वाचून दाखवत. टेसा प्रत्येक खांबापाशी थांबून माझ्यातून जणू पत्र काढून टाकत होती. त्यांचा तो सारा जुना रस्ता आम्ही एकेक घर करत चाललो.

शेजारी पासवाल्यांची रांग घामाने निथळत उभी होती. रिकाम्या वाटेवरून ही दोन माणसे इतकी हळू का चालली आहेत, हे कुणाला कळेना. एका गृहस्थाने तर विचारले, “अहो, पुढे जागा आहे की. थांबता कशाला?”

“घर आलं,” टेसा म्हणाली.

त्या गर्दीत मॅरिबेथ होती. तिने आमच्याकडे पाहिले, हातातल्या फोनकडे पाहिले. मग फोन खिशात टाकला आणि चारचौघांसमोर वाकून कठड्याखालून आमच्या बाजूला आली.

“मला कुठलं घर?” तिने विचारले.

“तू माझ्या पिशवीला हात लाव,” तिचे बाबा म्हणाले. “जड झालीय.” तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिघे चालू लागले.

शेवटच्या वळणावर शेवटचा खांब आला. पलीकडे डेस्मंड दिसत होता. टेसा धावत पुढे गेली आणि त्या खांबाला पाठ लावून उभी राहिली.

“हे कुणाचं घर?” हार्लननी विचारले.

“माझं. ऑरेगॉनचं.”

मग तिने मला नाडीसकट गळ्यातून काढले, खांबाच्या बाजूला धरले आणि सरळ वर केले.

हार्लन थांबले. मॅरिबेथही थांबली. मग हार्लन दोन पावले पुढे आले आणि त्यांनी टोपीला हात लावला.

“दिसला,” ते म्हणाले.

या वेळी डेस्मंडने माझ्यावरची वेळ वाचली खरी, पण फोन केला नाही; ही वेळ रांगेची नव्हे, हे त्याने पाहिले होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. लोकांच्या फोनवरूनच बागेला कळते, कोण किती वेळ उभा आहे. ओपलबाई बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला पुसले आणि खिळ्याला अडकवले. तेव्हापासून मला कुणी गळ्यात घातलेले नाही. नाडी विटली, रंग उतरला. अधूनमधून टपरी झाडायला माणूस येतो आणि मला उलटेपालटे करून बघतो.

मित्रांनो, पास घ्यायचा की नाही हे मला विचारू नका. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचे बाळ तापलेले असते, त्यांनी खुशाल घ्यावा. माझा तो जुना राग आता राहिलेला नाही. मात्र पाटीखाली उभे राहाल तेव्हा आकड्याकडे बघण्याआधी आपल्यासोबत कोण आले आहे ते बघा, आणि त्याला काही सांगायचे राहिले असेल तर त्याला तेवढी वाट मिळू द्या.

आणि तुमच्यापैकी कुणी कधी या टपरीत आलात, तर मला फेकण्याआधी एकदा हातात घ्या. धूळ पुसा, नाडी बदला, हरकत नाही. फक्त उजवा कोपरा घासू नका. तिथे दातांच्या दोन खुणा आहेत, आणि त्या मला टेसाच्याच हातात पोचवायच्या आहेत.